हारुमिझुच्या घरातल्या पाच जणी

१० फेब्रुवारी, सोमवार

डोक्यात मावेना म्हणून वही काढली.

बेसिल अंकलनी आज शटर ओढायच्या आधी एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. "अक्षया, अठ्ठावीस तारखेला परीक्षा. पास झालीस तर हे काउंटर तुझं. नाहीतर मला ब्युटीचा कोर्स केलेली एखादी पोरगी बघावी लागेल." बारा वर्षं त्यांच्या माणिकपूरच्या मेडिकलमध्ये मी गोळ्या देते, डॉक्टरांची अक्षरं लावते, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी परीक्षा म्हणे. पण अंकलना नाही म्हणता येत नाही, माणूस फार गोड बोलतो.

खोक्यात जपानच्या हारुमिझु नावाच्या कंपनीचा माल. तेमारी, नुरेहा, शिरासे, हिगासा, कोयोरी. पाच ब्रँड, पाचही चेहऱ्याचे, पाचही ह्यांचेच. मला आधी हसूच आलं. आपणच आपल्याशी स्पर्धा करायची, हा कुठला धंदा? मग बाटल्या उलटून बारीक अक्षर बघितलं. पाचांवर कारखान्याचा पत्ता एकच. तेवढ्याने माझं हसू थांबलं. म्हणजे हे वेडे नाहीत, मलाच काहीतरी कळत नाहीये.

गासला घरी पोचायला साडेआठ झाले. सासूबाईंनी चहा ओतला तो निम्मा बशीत आणि तिथून ओट्यावर. "आई, लक्ष कुठे आहे तुमचं?" म्हटलं. "ह्या बल्बात दम नाय गो," म्हणाल्या. बल्ब गेल्याच महिन्यात बदललाय. नाचता येईना अंगण वाकडं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचा माल मुंबईत ज्यांच्याकडे उतरतो, त्यांच्या ऑफिसातली विनी नावाची मुलगी आम्हाला शिकवते. व्हिडिओवर. वय असेल पंचवीस, चेहरा असा की एक पुटकुळी शोधून दाखवावी. तिला मी "विनी मॅडम" म्हटलं तर म्हणाली, "मॅडम नका म्हणू, प्लीज, मला म्हातारं वाटतं." मला मग काय वाटावं?

तिने आज जपानमधलं ड्रगस्टोअर दाखवलं. आपलं मेडिकल, पण आत दूध, बिस्किटं, साबण, कागदी रुमाल, अंडीसुद्धा. ऑफिसातून सुटलेली बाई जाता जाता डोकेदुखीची गोळी घेते आणि त्याच टोपलीत ही नुरेहाची बाटली टाकते. आपल्याकडे आली की हीच बाटली काचेच्या कपाटात बसणार आणि भाव खाणार. तिकडे ती साधीच, रोजची. म्हणजे ह्यांनी इतकं बारीक काम केलंय ते शेठाणीसाठी नाही, सुटे पैसे मोजून देणाऱ्या बाईसाठी केलंय. मला हे ऐकून बोलायला सुचेना, तर विनीला वाटलं नेटवर्क गेलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंकलनी चार बाटल्या चाचणीसाठी बाहेर ठेवल्यात. अर्नाळ्याची सेलिनताई परवा नुरेहाचं लोशन घेऊन गेली होती. आज परत. बाटली काउंटरवर आपटली. "पानी भरून दिलास काय गो?"

खरंच पाण्यासारखंच आहे. मीही मनात तेच म्हटलं होतं. पण काल विनीने शिकवलं होतं, की तिकडे लोशन म्हणजे पातळच, आणि ते चोळायचं नाही, तळव्यांनी दाबायचं, जिरेपर्यंत. मी सेलिनताईला स्टुलावर बसवलं. सुकी मासळी उलटून उलटून तिचे गाल उन्हाने खरबरीत झालेले. दोन थेंब, दाबलं. परत दोन. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच गालाला हात लावला आणि गप्प झाली. ही बाई गप्प झालेली मी बारा वर्षांत पाहिलेली नाही. बाटली पिशवीत टाकून गेली, वर म्हणाली, "आदी सांगायला काय होतं?"

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. पाच जणींचं नातं काही केल्या डोक्यात बसेना. ओसरीवर बाटल्या मांडून घोकत बसले. आई समोर मोगरा गुंफत होत्या.

आमची वाडी मोगऱ्याची, पाणी कडेच्या बावखलाचं, म्हणजे तळ्याचं. कळ्या पहाटे अंधारात खुडाव्या लागतात, उजाडलं की फुगतात आणि दादरला कोणी विचारत नाही. आई चारला उठतात. चौदा वर्षांत मी एकदाही गेले नाही, मला झोप प्रिय. मयूर, म्हणजे माझा नवरा, ऑफिसला जाताना टोपल्या स्टेशनला पोचवतो. उरलेल्या कळ्यांच्या वेण्या आई दिवसभर करतात. समोर बघतसुद्धा नाहीत, बोटं आपापली चालतात.

मी मोठ्याने बडबडत होते. तेमारी कॉलेजच्या पोरींची, पुटकुळ्यांवर. नुरेहा कोरड्या पडलेल्यांची. शिरासे वांग आलेल्या बायकांची. हिगासा उन्हातल्यांची. कोयोरी ज्यांना काहीच सोसत नाही त्यांची, तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं. "पण आई, एकच कंपनी ना? मग एकच नाव ठेवून पाच बाटल्या काढायच्या. पाच संसार कशाला?"

आई म्हणाल्या, "आपल्या बावखलाचं पानी मोगऱ्याला जातं, केळीला जातं, पानवेलीला जातं. पाट वेगळा लागतो ना गो? केळीएवढं पानी वेलीला सोडलं तर कुजंल. पन बावखल एकच."

मी वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई. विनीने दोन तास आकृत्या काढल्या होत्या.

मग मी कंपनीचा इतिहास वाचून दाखवला. हारुमिझुने सगळ्यात आधी काढले ते डोळ्यांचे थेंब, आसात्सुयु नावाचे, म्हणजे सकाळचं दव. मागावर रेशीम विणणाऱ्या बायकांचे डोळे शिणायचे, त्यांच्यासाठी. त्वचेचं सगळं नंतर, डोळ्यासाठी शुद्ध पाणी करायला शिकले त्यातून. खोक्यात त्या थेंबांची एक छोटी बाटलीही आहे. आपल्याकडे विकायची नाही, नुसती दाखवायला.

आईंचा हात थांबला. "धुकं जातं काय त्यानं?"

"कसलं धुकं? शिणलेल्या डोळ्यांना गार वाटतं, एवढंच."

"हां," म्हणाल्या. मग परत, "त्या बायका मग पुन्हा विणायला लागल्या?" म्हटलं लागल्या असतील. गोष्टीत रमतात हल्ली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचं लिहिताना ऊर भरून येतोय. हारुमिझुच्या प्रत्येक झाकणावर बारीक उंचवटे आहेत. मी दहा दिवस बाटल्या हाताळतेय आणि मला ते डिझाइन वाटत होतं. तोंड धुवायचं असेल तर एक रेघ, लोशनला दोन, क्रीमला तीन. आणि कडेला ब्रँडची खूण, तेमारीला टिंब, हिगासाला अर्धगोल, असं. विनी म्हणाली, तोंडाला फेस असतो तेव्हा डोळे मिटलेले असतात, म्हणून. आणि ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी. कोणाला ह्याची जाहिरात करावीशी वाटली नाही, डब्यावर एक ओळसुद्धा नाही. इतकं करायचं आणि सांगायचं नाही. मी तर एक पोळी गोल आली तरी घरभर दाखवते.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी हातातली वेणी बाजूला ठेवली, एकेक बाटली मांडीवर घेतली. अंगठ्याने झाकण चाचपलं. अर्ध्या तासात पंधराच्या पंधरा ओळखल्या. मी सरमिसळ केली, परत ओळखल्या. बघायच्यासुद्धा नाहीत, भिंतीकडे तोंड करून. "ही कोयोरी, क्रीम. ही तुजी पुटकुळीवाली, तोंड धुवायची." सोळावी बाटली हातात आली तेव्हा म्हणाल्या, "हे थेंब. ह्याला रेघ नाय, टिकलीसारखा खड्डा हाय."

मी मयूरला हाक मारून हा तमाशा दाखवला. टाळ्या वाजवल्या. आई लाजल्या. मी म्हटलं, परीक्षेला तुम्हीच बसा माझ्या जागी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आसात्सुयुची बाटली थोडी उतरलीय. सील मीच सोमवारी विनीला दाखवायला काढलं होतं, पण वापरली नाही. मयूरला धरलं. दिवसभर स्क्रीनपुढे बसतो, डोळे चोळतो, दुसरं कोण असणार? तो शपथा घेतोय. "मी कशाला तुझं जपानी पाणी डोळ्यात घालू?" म्हटलं, मग काय भुताने घातलं? तो चिडून केस कापायला निघून गेला. आई आत भांडी लावत होत्या, त्या काही मध्ये पडल्या नाहीत. एरवी लेकाची बाजू घ्यायला धावतात.

संध्याकाळी अंगणातली बादली आईंच्या पायाला लागून लवंडली. बादली रोजच तिथेच असते. मी ओरडले. म्हटलं, आई, मला अभ्यास आहे, मागे मागे निस्तरत नाही फिरू शकत. त्या खाली बसून फडक्याने पाणी टिपत राहिल्या, जिथे कोरडं होतं तिथेसुद्धा.

आता वाईट वाटतंय. माझी जीभ अशीच आहे, आधी धावते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आई तुंगारेश्वरला गेल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, ताप असतानाही गेलेली बाई. "गुडघे दुखतात. पायऱ्या नको." मयूर म्हणाला मी हात धरून नेतो, तर त्याच्यावर खेकसल्या.

मला बरंच झालं. दिवसभर त्यांनी माझी उजळणी घेतली. मी चुकले की बोटाने बाटलीवर टिचकी मारायच्या. शिरासे रात्री लावायचं की सकाळी, हिगासा किती वेळाने परत, सगळं त्यांना पाठ. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाही जमणार मला, अंकलना सांगते पोरगी बघा."

तर आई म्हणाल्या, "जमंल. तू बाहेर गेली पायजेस. घरात बसून बाईचं काय होतं ते मी बगितलंय. माजी सासू शेवटची सहा वर्षं ह्याच खोलीत होती आनि मी तिच्यापाशी. वेणीसुद्धा घातली नाय कोनी माज्या केसात."

मला वाटलं माझा धीर वाढवतायत. बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी दुकानात लेखी झाली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. अंकलनी पेढे आणले. "चारला प्रॅक्टिकल, ते काय, तुझ्या डाव्या हातचा मळ," म्हणाले.

प्रॅक्टिकल घरूनच होतं. विनीने आधीच सांगितलं होतं, घरातली एखादी वडीलधारी बाई समोर बसवा. फोन डब्याला टेकवून ठेवला, आईंना खिडकीजवळ उजेडात बसवलं. विनी म्हणाली, "आता हारुमिझुचा पहिला नियम. एक मिनिट समोरचा चेहरा नुसता बघायचा. बोलायचं नाही. बाटलीला हात नाही लावायचा."

मी सोपं समजले होते. एक मिनिट फार मोठं असतं. चौदा वर्षं मी ह्या बाईच्या हातचं खातेय आणि एवढ्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. गालांवर वांग. कपाळाला मोगऱ्याच्या काट्यांनी, नाही, मोगऱ्याला काटे नसतात, मग ह्या कपाळाला खरचटलं कशाने? भुवईवर एक जुनं, एक ताजं. दाराची चौकट. मला आठवलं, आठवड्यात दोनदा आवाज आला होता. मी आतून विचारलं होतं, काय पडलं?

उजवा डोळा माझ्याकडे होता पण माझ्यावर नव्हता.

मी त्यांच्या कानशिलाकडून हळूच हात पुढे आणला. अगदी पापणीजवळ. पापणी हलली नाही. दुसऱ्या बाजूने आणला, तिथेही नाही, तो पार नाकासमोर आला तेव्हा डावा डोळा दचकला.

विनी फोनमधून म्हणाली, "आता त्वचेचा प्रकार सांगा." मी फोन पालथा घातला.

"आई, कधीपासून?"

त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "गनपतीपासून. आदी कडेकडेनं जायला लागलं. मग उजवा गेला."

"आणि कळ्या? रोज पहाटे?"

"काळोखात कळीला डोळे कुठं लागतात गो? बोटाला कळतं, कुठली आज फुलनार, कुठली उद्या." हे त्या जरा हसत म्हणाल्या. आमच्या घरात असंच झालं. वाडीचं सगळं काम काळोखात, बोटांनी, त्यामुळे त्यांचा उजेड गेला तरी कोणाला फरक पडला नाही. एकही टोपली कमी आली नाही. कमी आली असती तर आम्ही विचारलं असतं.

"थेंब तुम्ही घातलेत."

"रोज दोन. म्हटलं त्या विननाऱ्या बायकांना लागू पडलं." मग म्हणाल्या, "सांगनार होते. आज परीक्षा झाल्यावर सांगनार होते. आदी सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस."

मी काचबिंदूचे थेंब दिवसाला चार गिऱ्हाइकांना देते. प्रत्येकाला सांगते, घरातल्या मोठ्या माणसांचे डोळे तपासून घ्या. तोंडपाठ आहे मला ते वाक्य. मी बाटल्यांच्या मधोमध बसून रडले, आणि त्यांनी चाचपत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, तर मला आणखीच रडू आलं.

बेसिल अंकलना फोन केला. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला, स्वतः बोलले, उद्या सकाळची पहिली वेळ घेतली. परीक्षेचं त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही.

१ मार्च, शनिवार

काचबिंदूच. मयूर आणि मी दोघंही गेलो होतो. मयूर डॉक्टरांसमोर लहान पोरासारखा विचारत होता, "पण आई तर सगळं काम करते." डॉक्टर म्हणाले, अशी माणसंच उशिरा येतात.

उजवा गेला, परत येणार नाही. डाव्यात मध्यभागी थोडं शिल्लक आहे. ते टिकवता येईल. थेंब दोन वेळा, रोज, जन्मभर, एक दिवसही चुकवायचे नाहीत. जपानी थेंबांनी काही बिघडवलं नाही, आणि काही केलंही नाही. गेल्या गणपतीत आलो असतो तर, हे मी विचारलं. डॉक्टरांनी कागदाकडे बघत सांगितलं की आता पुढचं बघू.

आईंना एका यंत्रापुढे बसवून त्यांची नजर मोजली होती. त्याचा कागद मला दिला. सगळा काळा, आणि मधोमध पेरूच्या फोडीएवढा एक पांढरट तुकडा. मी तो हातात घेऊन बाकावर बसले. एवढ्याशा भोकातून ही बाई गेले सहा महिने चहा करत होती, वेण्या गुंफत होती आणि माझा अभ्यास घेत होती. हारुमिझुच्या बाटल्या बघून मी तीन आठवडे तोंडात बोट घालत होते. माझ्या ओसरीवर काय बसलं होतं ते मला बघता आलं नाही.

मयूर औषध आणायला गेला. आईंनी विचारलं, "कसा हाय कागद?"

खोटं बोलावंसं वाटलं. तोंडावर आलंही होतं. पण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता, आणि त्या बोटांना कळलं असतं. मी सांगितलं. सगळं काळं आहे, मध्ये थोडं उरलंय.

त्यांनी कागद चाचपला.

"मध्ये ना? मग त्यात मानूस मावतं," म्हणाल्या. "बाजूनं येऊ नको गो अक्षया. बाजूनं आलीस की तू नसतेसच. समोरून येत जा."

मी बाकावरून उठले, त्यांच्या पुढ्यात खाली फरशीवर बसले. त्यांनी मान जराशी इकडे, जराशी तिकडे केली. मग थांबली.

"हां," म्हणाल्या. "तुज्या केसांत पांढरा आलाय एक."